अंधार राखणारी बॅटरी

डोलीच्या जाळ्याला दिवस-रात्र नसते. पालघरपासून रायगडपर्यंतच्या किनाऱ्यावर पाण्यात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं हे पिशवीसारखं जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर भरतं, आणि ती ओढ मंदावते तेवढ्या थोड्या वेळात ते उचलावं लागतं. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे उचलण्याची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. आज दुपारी दोनला जाळं उचललं असेल तर आठवड्याने तेच काम रात्री आठला येतं. डोलकराला रात्रीचा समुद्र टाळून चालत नाही. वाहतं जाळं टाकून पहाटेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवणारे, शेवटची फेरी उशिरा संपवून होडी घरी नेणारे तरीवाले, हौसेने गळ टाकायला जाणारे शहरी लोक, असे बरेच जण अंधारात पाण्यावर असतात.

दिवाळीत तर त्यात भर पडते. जून-जुलैची मासेमारीबंदी संपून हंगाम रंगात आलेला असतो. लक्ष्मीपूजन येतं अमावास्येला, आणि अमावास्येच्या आगेमागे असतं उधाण. घराघरांत पणत्या लागतात त्याच आठवड्यात समुद्रावर गडद काळोख आणि खाडीत जोराचं पाणी, असं दोन्ही एकदम येतं. मुंबईच्या बाजूला मोठ्या उधाणाचं पाणी पाच मीटरच्या जवळपास चढतं. दक्षिणेकडे मालवणला जाईपर्यंत ते बरंच कमी होतं, पण तिथे खडक जास्त.

अशा वेळी होडीत एक वस्तू हमखास असते: हातातली बॅटरी. पूर्वी कंदील होता, मग गॅसबत्ती आली, मग तीन सेलची पत्र्याची बॅटरी. आता एलईडीने बाजार इतका भरून गेला आहे की कोणती घ्यावी हाच प्रश्न झाला आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘होडीसाठी सर्चलाइट’ मागितला की दुकानदार खोक्यावरचे आकडे दाखवतो. वीस हजार ल्युमेन, दहा लाख कँडलपॉवर, दोन किलोमीटर फोकस. भिंतीवर मारून दाखवतो आणि दुकान लख्ख उजळतं. गिऱ्हाईक खूश होतं.

समुद्रावर मात्र हाच लख्ख उजेड अंगाशी येऊ शकतो. होडीवरची चांगली बॅटरी ती, जी हवा तेवढाच तुकडा उजळते आणि बाकीचा अंधार आपल्यासाठी आणि इतरांसाठी शाबूत ठेवते. बॅटरीत बघायच्या बाकी सगळ्या गोष्टी या एका कसोटीला लावून बघता येतात.

आधी डोळा

उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यातल्या शंकुपेशी दहाएक मिनिटांत जमेल तेवढ्या सरावतात. अंधुक उजेडात खरं काम करणाऱ्या दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, कधी त्याहूनही जास्त. एकदा त्या तयार झाल्या की नुसत्या चांदण्यांच्या उजेडात माणसाला पुष्कळ दिसतं. खाडीच्या काठाचा काळा ठसा, खडकावर फुटणाऱ्या लाटेची पांढरी रेघ, गावाच्या दिव्यांच्या झाकेवर उमटलेली बिनदिव्याच्या होडीची आकृती. थंडीच्या दिवसांत कोकण किनाऱ्यावर नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे पाणी निळसर चमकतं. तेव्हा तर लाट कुठे फुटते, कोणती दोरी पाण्यात ताणली आहे, हे समुद्र स्वतःच दाखवतो.

हे सगळं एका झोतात पुसलं जातं. झोत दूर गेला तर थोडं कमी, पण आपल्याच होडीच्या पांढऱ्या कठड्यावर पडला तर पूर्ण. डोळा जवळच्या उजळ वस्तूला सरावतो, पलीकडचं सगळं काळं होतं आणि पुढची वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.

म्हणून खाडीतून येणाऱ्या होडीवर बॅटरी सहसा सुकाणूवाल्याच्या हातात नसते. ती नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, बसलेल्या पोराकडे असते. तो विचारतो, “पेटवू का?” आणि मागून सुकाणूवरचा तांडेल बहुतेक वेळा म्हणतो, “थांब.” पेटवायची ती नेमक्या शंकेसाठी. समोरचा काळा ठिपका बोया आहे की नांगरलेली होडी? ती रेघ फेस आहे की जाळ्याची दोरी? दोन-तीन सेकंद झोत, उत्तर मिळालं, बंद. बॅटरी नाळेच्या पुढे हात लांब करून धरली की होडीच्या कोणत्याच भागावर उजेड पडत नाही आणि तांडेलाचे डोळे शाबूत राहतात. हाच झोत इंजिनाजवळ उभं राहून टाकला तर वाटेत नाळ, दोऱ्या, बर्फाच्या पेट्या आणि माणसांची डोकी आधी उजळतात.

खरेदी करताना याचा अर्थ असा: मधला झोत अरुंद आणि धारदार हवा, त्याच्या भोवती पसरणारा फिका उजेड जितका कमी तितका चांगला. शिवाय बॅटरीला अगदी मंद उजेडाची एक पायरी हवी, दहा-वीस ल्युमेनची. दोरीची गाठ सोडायला, मासळी निवडायला, इंजिनात तेल बघायला एवढा उजेड पुरतो. लाल दिव्याची सोय असेल तर उत्तम, कारण दंडपेशींवर लाल रंगाचा परिणाम सर्वांत कमी होतो. मात्र तो लाल दिवा होडीबाहेर दिसता कामा नये, कारण समुद्रावर लाल दिवा म्हणजे होडीची डावी बाजू. समोरच्याला चुकीची बाजू दाखवण्यापेक्षा दिवा नसलेला बरा.

खोक्यावरचे आकडे

दुकानातला सगळा गोंधळ ल्युमेन आणि कँडेला या दोन मापांमुळे होतो. दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून किती उजेड बाहेर पडतो, ते ल्युमेन. एका दिशेला तो किती एकवटला आहे, ते कँडेला. खोलीत ल्युमेन कामाचे, पाण्यावर कँडेला.

उदाहरण घ्या. समोर भिंग नाही, रिफ्लेक्टर नाही, असा २००० ल्युमेनचा उघडा एलईडी समोरच्या दिशेला जेमतेम ६४० कँडेला देतो. उलट चांगल्या रिफ्लेक्टरमध्ये बसवलेला ५०० ल्युमेनचा दिवा ४०,००० कँडेलापर्यंत सहज जातो. यातला पहिला साधारण ५० मीटरवर दम सोडतो, दुसरा ४०० मीटरवर.

हे अंतर काढण्याची रीत ठरलेली आहे. हातातल्या बॅटऱ्यांसाठी अमेरिकेत तयार झालेलं आणि आता जगभर वापरलं जाणारं एफएल-१ हे मानक झोताचा पल्ला असा ठरवतं: ज्या अंतरावर उजेड ०.२५ लक्स उरतो, तो पल्ला. ०.२५ लक्स म्हणजे जवळपास स्वच्छ पौर्णिमेचं चांदणं. हिशेब सोपा आहे. कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दोनने गुणा, मीटर मिळतील. १०,००० कँडेलाला २०० मीटर, ४०,००० ला ४००, १,६०,००० ला ८००. अंतर दुप्पट करायचं तर कँडेला चौपट लागतात, हे इथे दिसतं. ‘दोन किलोमीटर’ खरं व्हायला दहा लाख कँडेला हवेत. हातात मावणाऱ्या स्वस्त बॅटरीत ते येत नाहीत.

त्यातही पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड चारशे मीटरवर पडला म्हणून चारशे मीटरवरचा ओला, काळा खुंट इकडून दिसेलच असं नाही. उजेडाला तिथून परतही यायचं असतं. व्यवहारात छापील पल्ल्याचा निम्माच कामाचा धरावा. खाडीत आणि किनाऱ्यालगत फिरणाऱ्या होडीला २०,००० ते ६०,००० कँडेलाची बॅटरी पुरते ती या हिशेबाने. तिचा कागदावरचा पल्ला पावणेतीनशे ते पाचशे मीटरच्या आसपास येतो, कामाचा पल्ला दीडशे ते अडीचशे.

दीडशे मीटर पुरेसे आहेत का? आठ नॉट वेगाने जाणारी होडी सेकंदाला चार मीटरहून थोडी जास्त पुढे सरकते. दीडशे मीटर कापायला तिला पस्तीसहून थोडे जास्त सेकंद लागतात. तेवढ्यात इंजिन मोकळं करून होडी वळवता येते. वीस नॉटने पळणाऱ्या स्पीडबोटीला मात्र तेच अंतर पंधरा सेकंदांत संपतं. तिथे मोठी बॅटरी घेण्याआधी वेग कमी करणं जास्त शहाणपणाचं आणि फुकटही.

खोक्यावरचा आणखी एक आकडा जपून वाचावा: बॅटरी किती तास चालते. एफएल-१ नुसार उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ ‘चालण्याचा वेळ’ म्हणून छापता येतो. चार तास लिहिलेले असतात, त्यातली बरीचशी मिनिटं मंद उजेडाची असू शकतात. शिवाय सर्वांत मोठा उजेड, ज्याला टर्बो म्हणतात, तो दिवा तापतो म्हणून थोड्याच वेळात आपोआप खाली येतो. त्यामुळे टर्बोचा आकडा बाजूला ठेवून त्याच्या खालच्या पायरीचे कँडेला आणि तास विचारावेत. कँडेला छापलेलेच नसतील आणि फक्त ल्युमेनचे शून्य वाढवलेले असतील, तर ती बॅटरी अंगणासाठी ठेवावी.

झोत अरुंद कशाने होतो, हे डोळ्यांनी पारखता येतं. एलईडीची पिवळी टिकली जितकी लहान आणि रिफ्लेक्टर जितका रुंद, खोल आणि गुळगुळीत, तितका झोत लांब. दाणेदार रिफ्लेक्टर उजेड मऊ करून पसरवतो. तो चालताना चांगला, पाण्यावर कमी कामाचा. लेझरने फॉस्फर पेटवून दोरीसारखा बारीक झोत देणाऱ्या बॅटऱ्याही आता मिळतात. त्यांचा पल्ला थक्क करतो, पण हलत्या होडीवरून इतका बारीक झोत वस्तूवर टेकवून ठेवणं अवघड, आणि तो कोणाच्या डोळ्यांत गेला तर त्रास मोठा.

पाणी, धुकं आणि चमकती पट्टी

झोत समुद्रावर टाकला की पहिल्यांदा टाकणाऱ्याची निराशा होते. रस्ता उजळतो तसं पाणी उजळत नाही. होडीत बसलेल्या माणसाचा हात पाण्यापासून दीडएक मीटर उंच असतो. पन्नास मीटरवर तो झोत पाण्याला इतका तिरपा लागतो की बहुतेक उजेड पृष्ठभागावरून घसरून पुढे निघून जातो. शांत पाणी काळंच राहतं. दिसतं ते पाण्याच्या वर आलेलं: खुंट, बोया, पावसात वाहून आलेलं माडाचं खोड, कालवांनी भरलेला खडकाचा माथा. पाण्याखालचा खडक किंवा खाडीच्या तोंडावरचा वाळूचा पट्टा कोणतीही बॅटरी दुरून दाखवत नाही, मग ती कितीही महाग असो. त्यासाठी फुटणारी लाट बघावी लागते, पाण्याची वेळ माहीत असावी लागते आणि खोली मोजावी लागते.

पहाटे खाडीवर धुकं उतरलं की अडचण बदलते. थेंबांवर आदळलेला उजेड थेट आपल्याकडे परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. उजेड वाढवला की भिंत आणखी पांढरी होते. इथे बॅटरी डोळ्यांपासून जितकी दूर तितकं बरं: हात बाजूला लांब करून किंवा खाली पाण्यालगत धरून झोत टाकला तर डोळ्यांसमोरचे थेंब कमी उजळतात. डोक्याला बांधायचा दिवा धुक्यात सर्वांत वाईट, कारण तो डोळ्यांच्या अगदी वर असतो. उजेडाची खालची पायरी बहुतेक वेळा जास्त दाखवते.

पण पाण्यात माणूस पडला तर नेमकं उलटं करावं लागतं. लाइफजॅकेटवर, बोयांवर चमकत्या पट्ट्या असतात. त्या उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात, आजूबाजूला फारसा नाही. बॅटरी कमरेशी धरून शोधणाऱ्याला ती चमक फिकी दिसते. बॅटरी गालाशी, डोळ्याच्या रेषेत धरली की तीच पट्टी शेकडो मीटरवरून ठळक उठून दिसते. त्या कामाला मोठी बॅटरीही लागत नाही, छोटीसुद्धा चालते. झोत सावकाश फिरवायचा, लाट खाली बसेपर्यंत थांबायचं, मग पुढचा पट्टा. म्हणूनच जॅकेटवरच्या पट्टीवर खर्च केलेले थोडे रुपये बॅटरीवरच्या हजारो कँडेलांच्या तोडीचे ठरतात. धुकं असेल तर हात लांब, पट्टी शोधायची असेल तर हात गालाशी. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच सांगून ठेवावं.

आणखी एक धोका किनाऱ्यावरच्या लोकांच्या चांगल्या परिचयाचा. सुईसारख्या लांब चोचीचा टोळ मासा उजेडाकडे पाण्याबाहेर झेप घेतो आणि ती चोच माणसाला गंभीर इजा करू शकते. झोत पाण्यावर खिळवून ठेवून त्याच्या मागे उभं राहू नये.

समोरच्याचे डोळे

समुद्रातल्या टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ मध्ये लागू झाले. त्यांत दिव्यांची भाषा आहे. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. ट्रॉल ओढणारी बोट हिरव्याखाली पांढरा दिवा लावते, इतर जाळी टाकलेली बोट लालखाली पांढरा. सूर्यास्त ते सूर्योदय हे दिवे लागतात, आणि त्या वेळात दुसरा असा कोणताही दिवा दाखवायचा नाही ज्यामुळे या दिव्यांचा घोटाळा होईल किंवा पहारा देणाऱ्याच्या नजरेला अडथळा येईल.

हातातल्या बॅटरीला या नियमांत मानाची जागा आहे. सात मीटरपेक्षा लहान शिडाच्या होडीला आणि वल्ह्यांच्या होडीला बाकी दिवे जमत नसतील, तर पांढऱ्या उजेडाची बॅटरी किंवा पेटता कंदील हाताशी तयार ठेवून टक्कर टाळण्याइतक्या आधी दाखवला तरी चालतं. पण ही सवलत इंजिनाच्या होडीला नाही. सात मीटरपेक्षा लहान आणि सात नॉटपेक्षा जास्त न धावणाऱ्या इंजिनाच्या होडीलाही निदान चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा सतत लावावा लागतो. ‘बॅटरी आहे की’ म्हणून बांबूवरचा दिवा बंद ठेवणं बेकायदेशीर तर आहेच, त्याहून ते धोक्याचं आहे.

दुसऱ्याचं लक्ष वेधण्यासाठी झोत टाकायला परवानगी आहे. एखाद्या धोक्याच्या दिशेला झोत दाखवता येतो, मात्र कोणत्याही बोटीला अडचण होणार नाही अशा रीतीने. लुकलुकणारे तीव्र दिवे, म्हणजे स्ट्रोब, टाळावेत असं नियमच सांगतो. स्वस्त बॅटऱ्यांचं इथे बिनसतं. एकच बटन असतं. एकदा दाबलं की मोठा उजेड, दुसऱ्यांदा मंद, तिसऱ्यांदा स्ट्रोब. घाईत मंद उजेड शोधताना स्ट्रोब सुरू होतो आणि आपल्याच तांडेलाचे डोळे दिपतात. बटनाच्या नेहमीच्या फेऱ्यात स्ट्रोब असलेली बॅटरी होडीसाठी नापास करावी.

मोठ्या जहाजाची गोष्ट वेगळी. जवाहरलाल नेहरू बंदराच्या वाटेवर, जयगडच्या, दिघीच्या परिसरात छोट्या होड्या आणि मालवाहू जहाजं एकाच पाण्यात असतात. जहाजाच्या ब्रिजवरून नाळेच्या पुढचा काही भाग दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हा न दिसणारा पट्टा जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त असू नये. म्हणजे तेवढा असू शकतो. बारा नॉटने येणारं जहाज ५०० मीटर ऐंशीएक सेकंदांत संपवतं. तिथे शिरल्यावर बॅटरी उपयोगाची नाही. ती वापरायची बरीच आधी, आणि झोत जहाजाच्या ब्रिजवर मारायचा नाही. तिथला अधिकारी दिपला तर त्याला आपण दिसायचेच बंद होऊ. झोत आपल्याच शिडावर, केबिनच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा उभ्या धरलेल्या वल्ह्यावर टाकला की अंधारात एक उजळलेली आकृती तयार होते आणि आपण कोण, केवढे, हे दुरून कळतं. केबिनची एक बाजू पांढरी ठेवण्याची पद्धत म्हणूनही बरी.

उजेडाचा आणखी मोठा वाद कोकणात पेटलेला आहे. जनरेटर लावून पाण्यावर प्रचंड एलईडी दिवे सोडायचे, मासळी गोळा करायची आणि पर्ससीन जाळ्याने ओढायची, या मासेमारीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. महाराष्ट्राने १९८१ च्या आपल्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती करून दंड वाढवले. तरी क्षितिजावर दिव्यांची रांग दिसली की पारंपरिक मच्छीमाराचा संताप होतो. हातातल्या बॅटरीचा या प्रकाराशी संबंध नाही, पण एलईडी स्वस्त झाल्याने दोन्ही एकाच काळात आले. छोट्या होडीला सुरक्षित करणाऱ्या तंत्रानेच तिची मासळीही पळवली.

किनाऱ्याला लागतानाही झोत आवरावा लागतो. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं आणि पुढे कोकणातल्या अनेक वाळूच्या किनाऱ्यांवर ते काम पसरलं. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजळ क्षितिजाकडे धावतं. तिथे पांढरा झोत फिरला तर ते समुद्राकडे पाठ फिरवतं. कासवांच्या हंगामात अशा किनाऱ्यावर उतरताना मंद लाल उजेड पुरे.

मिठाची परीक्षा

एक हंगाम वापरलेली स्वस्त बॅटरी उघडून बघा. मागचं झाकण फिरवताना आधी करकर आवाज येतो. आट्यांमध्ये वाळूचे बारीक कण अडकलेले असतात. झाकणाखालची काळी रबरी रिंग एका जागी चपटी झालेली असते आणि तिच्या खाली एखादं माशाचं खवलं चिकटलेलं. तेवढ्या फटीतून पाणी आत आलं. स्प्रिंगच्या तळाशी हिरवी पूड जमलेली, सेलच्या पत्र्याला तांबूस डाग, आणि रिफ्लेक्टरच्या आरशावर कडेने पांढुरकी झाक. दिवा अजून लागतो, पण हलवला की विझतो. एलईडीला काही झालेलं नाही. पन्नास पैशांची रिंग कोरडी राहिली आणि बॅटरी गेली.

खोक्यावरचे आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकली. आयपीएक्स ८ म्हणजे त्याहून कठीण, कंपनी सांगेल तेवढ्या खोलीवर. दोन्ही परीक्षा गोड्या पाण्यात आणि नव्या वस्तूवर होतात. मिठाचा, उन्हाचा आणि डिझेलच्या हाताचा त्यात विचार नसतो. म्हणून आयपीएक्स ७ ही किमान पायरी धरावी आणि रिंगला वेळोवेळी सिलिकॉन ग्रीस लावावं. फेरीनंतर बॅटरी गोड्या पाण्याने धुऊन पुसावी.

पुढे-मागे सरकणाऱ्या तोंडाची ‘झूम’ बॅटरी बाजारात फार लोकप्रिय आहे. पूर्ण पुढे ओढली की भिंतीवर चौकोनी पिवळसर तुकडा पडतो. तो एलईडीचाच आकार, भिंगाने मोठा करून दाखवलेला. पण तोंड सरकवताना ती पिचकारीसारखी हवा आत ओढते, आणि समुद्रावर त्या हवेत मीठ आणि ओल असते. होडीसाठी ही बनावट टाळावी. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगात स्टीलचे स्क्रू असतील तर खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं, त्याकडेही लक्ष असावं. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच ही सर्वांत कच्ची जागा. ओल्या बॅटरीला चार्जर लावूच नये. सेल काढून बाहेर चार्ज करता येणारी बॅटरी जास्त वर्षं टिकते, आणि १८६५० किंवा २१७०० मापाचा जादा सेल कोरड्या डबीत सोबत ठेवता येतो.

हंडीसारखी मोठी, आत लेड-अ‍ॅसिडचा डबा असलेली बॅटरी किनाऱ्यावर पुष्कळांकडे दिसते. तिचा घात पावसाळा करतो. १ जून ते ३१ जुलै होडी वर ओढलेली, बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडवीत टांगलेली. लेड-अ‍ॅसिडला हे सोसत नाही, प्लेटींवर सल्फेटचा थर बसतो आणि हंगामाच्या पहिल्या रात्री ती दहा मिनिटांत मान टाकते. ती पूर्ण भरून ठेवावी आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्जला लावावी. लिथियमचं उलट, ती साधारण निम्मी भरलेली, थंड जागी ठेवावी. साध्या सेलची असेल तर सेल काढूनच ठेवावेत.

वायरवाला सर्चलाइट ज्या होडीवर बारा व्होल्टची बॅटरी आहे तिच्यासाठीच. जुना शंभर वॉटचा हॅलोजन तिथे आठ अँपिअरहून जास्त ओढतो, वीस वॉटचा एलईडी दोनपेक्षा कमी. दोरी ओढून सुरू होणाऱ्या लहान इंजिनाच्या होडीवर अशी बॅटरीच नसते, त्यामुळे वायरचा प्रश्नच येत नाही. आणि होडीत पाणी भरलं तर सर्वांत आधी मरते ती वायरीची सोय.

मग घ्यायची कोणती

खाडीतल्या आणि किनाऱ्यालगतच्या होडीसाठी यादी लहान आहे. वीस ते साठ हजार कँडेला, गुळगुळीत रिफ्लेक्टर, आयपीएक्स ७ किंवा वर, एका दाबात लागणारा मंद उजेड, फेऱ्यात स्ट्रोब नाही, ओल्या आणि खवलं चिकटलेल्या बोटांनी दाबता येईल असं मोठं बटन. बॅटरी पाण्यात पडली तर तरंगते का, हे बादलीत टाकून बघावं. धातूच्या बहुतेक बुडतात. त्यांना मनगटाची दोरी आणि छोटा बोया बांधावा. रंग केशरी किंवा पिवळा, कारण काळी बॅटरी काळ्या होडीत रात्री सापडत नाही. उजेड निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळट पांढरा असेल तर चिखल, खडक आणि शेवाळ यांतला फरक बऱ्याच जणांना लवकर कळतो.

खोल समुद्रात जाणाऱ्या मोठ्या बोटीला दीड-दोन लाख कँडेलाचा, केबिनवरच्या बारा व्होल्टवर चालणारा सर्चलाइट उपयोगी, पण हातातली बॅटरी तिथेही लागतेच. आणि कोणतीही बॅटरी वायरलेसची जागा घेत नाही. संकटात व्हीएचएफचं १६ नंबरचं चॅनेल किंवा तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आधी, झोत नंतर, शोधायला आलेल्याला जागा दाखवण्यासाठी. तेव्हा तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे असा झोत देणं सगळ्यांना येत असावं.

दुकानातल्या भिंतीवरची परीक्षा पुरेशी नाही. शक्य असेल तर बॅटरी अंधाऱ्या जेटीवर नेऊन बघावी. दोनशे मीटरवरची नांगरलेली होडी दिसते का, आणि झोत बंद केल्यावर काठाची रेषा पुन्हा किती वेळात दिसू लागते, दोन्ही बघावं. दुसऱ्या परीक्षेत भल्याभल्या महागड्या बॅटऱ्या मागे पडतात.

आणि पैसे मोजके असतील तर ते एका मोठ्या बॅटरीत घालू नयेत. त्याच पैशात दोन मध्यम घ्याव्यात, एकाच मापाच्या सेलच्या. एक नाळेवर, दुसरी सुकाणूजवळ कोरड्या पिशवीत, रोज एकाच जागी. पहिली पाण्यात पडेल, विझेल किंवा कोणाच्या तरी खिशात घरी जाईल. त्या रात्री दुसरी हाताला लागली की होडी जेटीला लागते.